माजी खेळाडूंची यादी करताना

आमच्या प्रशालेच्या माजी विद्यार्थी संघाने, शाळेकडून खेळताना नाव काढलेल्या मुलामुलींचा जाहीर सन्मान करण्याचा ठराव केला, तेव्हा त्या कामाला फार तर एखादा महिना लागेल असा बहुतेकांचा समज होता. सभागृह ठरवायचे, पाहुणे ठरवायचे, शाली आणि नारळ आणायचे आणि पंधरा-वीस नावे काढायची, एवढाच तो हिशेब होता. नावे काढण्याचे काम माझ्याकडे आले. मी टपाल खात्यातून निवृत्त झालेली असल्यामुळे पत्ते शोधण्याचा मला सराव असणार, असे अध्यक्षांनी सभेत सांगितले. दुसरे कारण कोणी बोलून दाखवले नाही, पण ते मला कळत होते : शाळेच्या मुलींच्या खो-खो संघात मी शेवटपर्यंत राखीवच राहिले, त्यामुळे माझे स्वतःचे नाव यादीत येण्याचा प्रश्न नव्हता आणि माझ्यावर पक्षपाताचा आरोप करणे कोणाला सोपे गेले नसते.

शाळेचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तिच्या दप्तराविषयी थोडे कडू बोलावे लागणार आहे. सोलापूरच्या पूर्व भागाला लागून असलेली, गिरणीकामगारांची, यंत्रमागावर काम करणाऱ्यांची आणि विड्या वळणाऱ्या बायांची मुले जेथे पिढ्यान्‌पिढ्या शिकली अशी ती मराठी माध्यमाची शाळा आहे, एवढे सांगितले तरी पुरे. घरी तेलुगू किंवा कन्नड, वर्गात मराठी आणि मैदानावर तिन्ही भाषा एकदम, असे आमचे शिक्षण झाले.

सोलापुरात खेळाविषयी कोणतीही सभा भरली की पॉली उम्रीगर यांचे नाव निघतेच, तसे ते आमच्याही पहिल्या सभेत निघाले. उम्रीगर यांचा जन्म १९२६ साली सोलापुरात झाला आणि कसोटी सामन्यात द्विशतक काढणारे ते पहिले भारतीय फलंदाज ठरले. १९५५ साली हैदराबादेत न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा केल्या. हा अभिमान रास्त आहे. अडचण अशी की त्या नावामागोमाग एका सदस्यांनी विचारले, “आपल्या शाळेतून असे मोठे कोण झाले?” आणि सभेचा सारा रोख बदलला. कोणी एका निवृत्त अधिकाऱ्याचे नाव सुचवले, कोणी पुण्यात स्थायिक झालेल्या बांधकाम व्यावसायिकाचे, कोणी परदेशात असलेल्या डॉक्टरांचे. हे सगळे शाळेत असताना कधी ना कधी पळाले होते, उड्या मारत होते, गोळा फेकत होते, यात शंका नाही. पण त्यांनी शाळेसाठी काय जिंकून आणले होते, हे सांगणे कोणालाच जमेना. त्यांपैकी एकाने संघाला भरघोस देणगी दिलेली होती, हेही सांगितले पाहिजे, कारण त्या नावावर चर्चा सर्वांत लांबली.

ती चर्चा अखेर आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे शाळेच्या माजी मुख्याध्यापकांनी, संपवली. ते म्हणाले, ज्या कामगिरीसाठी शाळेने मुलाला वर्ग बुडवू दिला तीच कामगिरी आपण मोजू; पुढे तो कलेक्टर झाला की हमाल, हे पाहण्याचे कारण नाही. मला हा निकष तेव्हा पटला आणि काम जसजसे पुढे सरकले तसतसा अधिकच पटत गेला. मात्र तो मान्य करताच संघाच्या घटनेतील एक कलम आड आले. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेलाच माजी विद्यार्थी, अशी व्याख्या त्या घटनेत होती. आमच्या शाळेत सातवी-आठवीनंतर मुलगा मागावर आणि मुलगी विडीच्या सुपापाशी बसण्याचे प्रमाण किती मोठे होते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या कलमाचा अर्थ वेगळा सांगायला नको. चपळ मुले नेमकी त्याच वयात खेळत होती. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ज्याचे नाव आहे तो माजी विद्यार्थी, अशी दुरुस्ती सर्वसाधारण सभेत मंजूर करून घेतल्यावरच मी कामाला हात घातला.

कोणत्या पातळीपासून नाव घ्यायचे, हा पुढचा प्रश्न होता. शालेय स्पर्धांची शिडी वाचकांना ठाऊक असेलच : आधी शहरातील किंवा तालुक्यातील शाळा, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य आणि शेवटी राष्ट्रीय. सोलापूर पुणे विभागात मोडते. खो-खोसारख्या खेळात याचा अर्थ असा की राज्य पातळीवर जाण्यासाठी पुण्याच्या शाळांना हरवणे भाग पडते. आणि ज्या पुण्यात डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाचे नियम बांधले तेथील मुले काही कच्ची नसतात. एखाद्या सोप्या विभागातून राज्य स्पर्धेत उतरलेला संघ आणि आमच्या विभागाच्या अंतिम सामन्यात पुण्याकडून थोडक्यात हरलेला संघ, यांत दुसरा कमी म्हणता येत नाही. म्हणून सांघिक खेळांत विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेला पूर्ण संघ, आणि वैयक्तिक खेळांत राज्य पातळीवर उतरलेला प्रत्येक जण, अशी रेषा आम्ही ओढली. पूर्ण संघ म्हणजे राखीव गड्यांसह, असा ठराव झाला तेव्हा सर्वांनी माझ्याकडे पाहिले. पण मी ज्या वर्षांत राखीव होते त्या वर्षांत आमचा संघ जिल्ह्याच्या पुढे गेला नव्हता.

मुख्याध्यापकांच्या दालनात काचेचे मोठे कपाट आहे आणि ते चषकांनी भरलेले आहे. समितीतील तरुण सदस्यांना वाटले की कपाट उघडून नावे आणि वर्षे उतरवून घेतली की यादी तयार. कपाट उघडल्यावर असे दिसले की त्यात उपविजेतेपदाच्या ढाली आणि छोट्या स्पर्धांची स्मृतिचिन्हेच जास्त आहेत. कारण साधे होते. त्या काळी मोठ्या स्पर्धांचा विजेत्याचा चषक बहुधा फिरता असे. तो वर्षभर शाळेत राहायचा आणि पुढल्या वर्षी आयोजकांकडे परत जायचा. सलग तीन वर्षे जिंकल्याशिवाय तो कायमचा मिळत नसे. म्हणजे ज्या वर्षी आमची मुले हरली त्या वर्षाची खूण शाळेत टिकली, आणि ज्या वर्षी जिंकली त्या वर्षाची खूण दुसऱ्या एखाद्या शाळेच्या कपाटात, चषकाच्या बुडाशी ठोकलेल्या पट्टीवर राहिली.

यातून वाट दाखवली ती शाळेच्या सध्याच्या लिपिकांनी. “बाई, डेडस्टॉक बघा की,” असे ते सहज म्हणाले. शाळेतील बाके, घड्याळे, नकाशे यांच्याबरोबर चषकांचीही नोंद जड वस्तू संग्रहाच्या नोंदवहीत करावी लागते, हे मला माहीत नव्हते. “चषक, फिरता, १ नग” अशी नोंद, पुढे मिळाल्याची तारीख आणि त्यापुढे “परत” असा शेरा व परतीची तारीख, अशा ओळी तेथे बाकांच्या आणि खुर्च्यांच्या नोंदींमध्ये विखुरलेल्या सापडल्या. कोणत्या वर्षी काय जिंकले, याचा सांगाडा त्या एका नोंदवहीतून उभा राहिला. खेळाच्या इतिहासासाठी डेडस्टॉक रजिस्टर वाचणारी मी पहिलीच असेन, असे त्या लिपिकांना वाटले आणि त्यांनी चहा मागवला.

आता वर्षे होती, नावे नव्हती. नावांसाठी आवक-जावक नोंदवही काढली. स्पर्धेची प्रवेशिका पाठवल्याची तारीख तीत असते. प्रवेशिकेच्या स्थळप्रतीवर मात्र प्रत्येक खेळाडूचे पूर्ण नाव, जन्मतारीख, इयत्ता आणि जनरल रजिस्टर क्रमांक असतो. या स्थळप्रती हाती आल्या असत्या तर काम तेथेच संपले असते. त्या फार थोड्या वर्षांच्या उरल्या होत्या. त्यापेक्षा मोलाचा ठेवा एका जुन्या, आता हयात नसलेल्या लिपिकांनी मागे ठेवला होता. संघ परगावी गेला की खेळाडूंना भोजनभत्ता मिळे आणि त्याच्या पावतीवर प्रत्येकाची सही घेतली जाई. हिशेबतपासणी होऊन ठरावीक मुदत लोटली की अशा पावत्या नष्ट करता येतात. या गृहस्थांनी त्या वर्षवार रुमालात बांधून ठेवल्या होत्या. दहा-बारा रुपयांच्या पावत्यांवर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या सह्या एकाखाली एक होत्या; काही मोडीसारख्या वळणदार, काही पाटीवर गिरवल्यासारख्या, आणि एकीची तर तेलुगू लिपीत. प्रवेशिकेत नाव असलेला खेळाडू ऐनवेळी गेला नाही असे होऊ शकते, पण पैसे घेतल्याची सही करणारा गेलेलाच असतो, म्हणून समितीने या पावत्यांना सर्वांत वरचा पुरावा मानले. या विश्वासाला एका ठिकाणी तडा गेला. ते पुढे सांगते.

मधल्या एका दशकाचे मात्र काहीच नाही. ज्या खोलीत दप्तर ठेवले होते तिचे छत गळत होते, भिजलेले कागद नंतर रद्दीत गेले, आणि ते देताना कोणी यादी केली नाही. याच शाळेच्या व्हरांड्यात शालान्त परीक्षेत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांचा फलक आहे. १९७५ साली अकरावीची मॅट्रिक संपून दहावी आली तरी त्या फलकात खंड पडलेला नाही. दरवर्षी तैलरंगात एक नवे नाव लिहिले गेले आहे. त्या फलकाबद्दल मला आदरच आहे. परंतु एका भिंतीवर सगळी नावे जपणारी शाळा दुसऱ्या नावांसाठी एक वही जपू शकत नाही, हा योगायोग नसून तिने स्वतःच केलेली निवड आहे, असे माझे मत झाले आणि ते मी समितीच्या अहवालात लिहिले. अध्यक्षांनी वाक्य थोडे मऊ केले, काढले नाही.

स्थानिक वृत्तपत्रांच्या जुन्या बांधीव फाइलींचाही उपयोग झाला, पण बेताचाच. मुलांच्या अंतिम सामन्याला चार-सहा ओळी मिळत, मुलींच्या सामन्याला पुष्कळदा निकालाचीच एक ओळ. शिवाय तीन फाइलींत एकाच मुलाचे आडनाव तीन प्रकारे छापलेले सापडावे, इतकी पूर्व भागातील तेलुगू आडनावांची वाताहत झालेली होती. आणखी एक गोष्ट या बातम्या वाचताना ध्यानात आली. खो-खोत आक्रमण करणाऱ्याने गडी मारला की गुण मिळतो आणि बातमीत त्याचे नाव येते. पळणाऱ्याच्या खात्यावर गुण नसतो, वेळ असतो. तिघांची पहिली तुकडी मैदानात उतरते. ती जितका वेळ टिकते तितका वेळ प्रतिस्पर्ध्यांचे गुण रोखले जातात, आणि सात-नऊ मिनिटांच्या डावात तीन-चार मिनिटे पळणारी मुलगी अनेकदा सामना जिंकून देते. तो वेळ गुणलेखकाच्या तक्त्यात असतो, तक्ता आयोजकांकडे राहतो, आणि बातमीत “अमुक संघ एक डाव चार गुणांनी विजयी” एवढेच उरते.

पळणाऱ्या मुली आठवणाऱ्या एकाच व्यक्तीशी मला बोलता आले, ते म्हणजे आमचे पी.टी.चे सर. त्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे. नावे त्यांना फारशी आठवत नाहीत, जागा आठवतात. “शेवटच्या चौकात बसायची ती, खुंटावर सूर मारणारी, तिच्या वडिलांचा भाजीचा गाडा होता बघ,” अशा खुणांनी ते बोलत, आणि मी पावत्यांवरील सह्या एकेक वाचून दाखवत असे. एखाद्या नावावर ते थांबत, डोळे मिटत आणि “हीच” म्हणत. अशा ओळखीला समिती पुरावा मानणार नव्हती, आणि ते योग्यच होते. पण कोणाला शोधायला आधी निघायचे, हे मला त्यातून कळले.

मुलगे शोधणे तुलनेने सोपे गेले. नाव तेच, आडनाव तेच, पेठ बदललेली. फार तर गिरणी बंद पडल्यावर भिवंडीला किंवा सुरतेला गेलेले, आणि तेथेही भावकीतून निरोप पोहोचत होता. मुलींचे तसे नव्हते. रजिस्टरमधले नाव माहेरचे. लग्नानंतर आडनाव बदलले, मधले नाव बदलले, आणि काही घरांत सासरच्यांनी पाळण्यातले नावही बदलले. टपाल खात्यातील चाळीस वर्षांचा अनुभव येथे कुचकामी ठरला, कारण टपालाला पत्ता लागतो आणि माझ्याकडे ज्या नावाचा पत्ता विचारायचा ते नावच अस्तित्वात नव्हते. उपयोग झाला तो सणांचा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेसाठी सोलापूरच्या लेकी माहेरी येतात; श्रावणात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो तेव्हा पद्मशाली समाजाच्या लेकी येतात. हळदीकुंकवाला, रथाच्या वाटेवर, जुन्या गल्लीतील ओट्यांवर मी “तुमच्या वर्गातली खो-खो खेळणारी कोण?” एवढाच प्रश्न विचारत फिरले. एकीकडून दुसरीचा पत्ता मिळत गेला.

कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाने उभी राहिलेली विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत आहे. आमच्या विभागीय उपविजेत्या संघातील एक मुलगी तेथे राहते, असे कळल्यावर मी गेले. त्या सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बोलत असतानाही पान कापणे, तंबाखू भरणे, दोरा गुंडाळणे थांबले नाही, कारण ठरलेल्या विड्या संध्याकाळी कारखान्यात द्यायच्या होत्या. मी येण्याचे कारण सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला कशाला बोलवायलात बाई? मी आठवीत शाळा सोडले.” शाळा कोणत्या इयत्तेत सोडली हे आता आड येत नाही, हे पटवायला वेळ लागला. पण पुण्यातील त्या अंतिम सामन्याचा विषय निघाला आणि त्यांनी तो क्रिकेटच्या समालोचनासारखा नव्हे, तर हिशेब द्यावा तसा सांगितला : पहिल्या डावात आपण किती मागे होतो, दुसऱ्या डावात पहिल्या तुकडीत कोण कोण उतरल्या, त्यांतील दोघी किती लवकर बाद झाल्या, आणि त्यानंतर एकटीने साखळी कशी धरली, म्हणजे नागमोडी पळत कशी टिकली. त्यांच्या सोबतच्या दुसऱ्या खेळाडूने पुढे भिवंडीहून फोनवर तोच क्रम स्वतंत्रपणे सांगितला तेव्हा समितीने तो तपशील मानपत्रासाठी ग्राह्य धरला.

आता पावतीच्या विश्वासाला गेलेल्या तड्याविषयी. मुलांच्या कबड्डी संघाच्या एका वर्षीच्या पावतीवर ज्यांची सही होती, ते गृहस्थ आमचे पत्र मिळताच स्वतः समितीपुढे आले आणि म्हणाले, “नाव माझं आहे, हात माझा नाही.” ते त्या आठवड्यात तापाने अंथरुणावर होते. त्यांच्या नावाने जो खेळला तो मुलगा नापास होऊन शाळेतून नाव कमी झालेला होता. दोघेही आज साठीपलीकडे आहेत आणि एकमेकांचे स्नेही आहेत. त्यांनी काहीही लपवले नाही, आणि ज्यांच्या सांगण्यावरून हे घडले असेल ते आज उत्तर द्यायला नाहीत. समितीत यावर जेवढा खल झाला तेवढा दुसऱ्या कशावरही झाला नाही. अपात्र खेळाडू उतरवला तर संघ बाद होतो, हा नियम आहे. म्हणून अध्यक्षांनी त्या वर्षीची कामगिरीच मोजू नये असे मत दिले आणि बहुमताने ते मान्य झाले. इतिवृत्तात “पात्रतेच्या कारणास्तव” असे मोघम लिहिले गेले. मी विरोधात मत दिले. नियमाचे अध्यक्षांचे वाचन बरोबर होते, पण त्या संघातील इतर मुलांनी कोणाच्याही नावाने सही केलेली नव्हती. त्यांतील काहींना पुढल्या वर्षीच्या कामगिरीवर यादीत जागा मिळाली, आणि ज्यांची ती एकच स्पर्धा होती ते बाहेर राहिले. मला हा निर्णय आजही जड वाटतो.

महाविद्यालयीन प्रमाणपत्रे घेऊन आलेल्यांची समजूत काढणे त्या मानाने सोपे होते. २००४ साली सोलापूर विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, आणि त्या विद्यापीठाच्या संघातून खेळल्याची प्रमाणपत्रे अनेकांनी जपून ठेवली आहेत. ती कामगिरी मोठी आहे, शाळेची नाही. काहींनी ते हसून मान्य केले, एक-दोघांनी निमंत्रण नाकारले. मरणोत्तर सन्मान कोणी स्वीकारायचा, यावर दोन घरांत मतभेद झाले. त्यात आम्ही पडलो नाही, दोन्ही बाजूंना मानपत्राची एकेक प्रत दिली.

मानपत्रे लिहिण्याचे काम मी मागून घेतले. आपल्याकडे मानपत्राचा एक साचा आहे : “क्रीडाक्षेत्रातील आपल्या देदीप्यमान कामगिरीने शाळेच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला” इत्यादी. हे वाक्य धावपटूला, कुस्तीगिराला आणि बुद्धिबळपटूला सारखेच लागू पडते, आणि ते भिंतीवर लावले तर नातवंडांना आजीने नक्की काय केले ते कधीच कळत नाही. मी विशेषणे काढून टाकली आणि प्रत्येक मानपत्रात वर्ष, स्पर्धा, पातळी, गाव, संघातील जागा आणि माहीत असेल तेथे त्या सामन्यातील कृती, एवढेच लिहिले. कुंभारीच्या त्या खेळाडूंच्या मानपत्रात असे वाक्य होते : “विभागीय अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात आपण पहिल्या तुकडीत उतरलात आणि दोन सहकारी बाद झाल्यानंतरही डावाचा निम्म्याहून अधिक वेळ नाबाद पळालात.” समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांना हे फार कोरडे वाटले. ते म्हणाले, सत्कारात थोडी फोडणी हवी. तडजोड म्हणून शेवटी एक ओळ कृतज्ञतेची घातली, ती सर्वांना समान होती.

तारखेचाही प्रश्न होता. २९ ऑगस्ट हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो, आणि हेलसिंकीच्या १९५२च्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव यांचा १५ जानेवारी हा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन आहे. दुसरी तारीख अनेकांना मोहवत होती. पण त्या दिवसांत गड्डा यात्रेतील नंदीध्वजांच्या मिरवणुका, अक्षता आणि होम यांमुळे अर्धे शहर रस्त्यावर असते आणि उरलेल्या अर्ध्याला रस्ता मिळत नाही. मात्र लेकी यात्रेसाठी आलेल्या असतातच. म्हणून संक्रांतीनंतरचा रविवार धरला आणि कार्यक्रम सभागृहात न घेता शाळेच्या मैदानावर घेतला. शालींऐवजी सोलापुरी चादरी दिल्या. ज्यांचे हात चादरी विणण्यात गेले त्यांना बाहेरगावची शाल पांघरायची, हे कोणालाच रुचेना.

समारंभाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तो चांगला झाला. व्यासपीठावर अध्यक्षस्थानी पी.टी.चे सर होते. फ्लेक्सवर कोणाचेही छायाचित्र नव्हते, याबद्दल एका इच्छुक नेत्यांची नाराजी आम्ही सहन केली. नावे गुणवत्तेच्या क्रमाने न पुकारता वर्षांच्या क्रमाने पुकारली. स्त्रियांचे नाव आधी माहेरचे, मग आताचे, असे घेतले. याचा परिणाम मी आधी कल्पिला नव्हता : आताच्या नावाने शेजारी बसलेल्या दोन बाया माहेरचे नाव पुकारताच एकमेकींकडे वळल्या; त्या एकाच संघात खेळल्या होत्या आणि तासभर शेजारी बसूनही त्यांनी एकमेकींना ओळखले नव्हते. मानपत्रे पूर्ण वाचली, त्यामुळे कार्यक्रम लांबला. पाहुण्यांच्या भाषणाला वेळ कमी पडला, त्याबद्दल तक्रार आली नाही.

तक्रारी आल्या त्या यादीबद्दल, आणि त्यांतील बऱ्याच रास्त होत्या. ज्या दशकाचे दप्तर गेले त्या दशकातील खेळाडूंचे म्हणणे असे, की छत शाळेचे गळले आणि नाव आमचे पुसले गेले. त्याला उत्तर नाही. दुसरी यादी करताना केवळ शाळेच्या कागदांवर विसंबायचे नाही, असे समितीने म्हणून ठरवले आहे. खेळाडूंच्या घरातील प्रमाणपत्र, संघाचे छायाचित्र किंवा एकाच संघातील दोघांनी परस्परांना न विचारता दिलेली सारखी माहिती, यांपैकी काहीही चालेल. माहितीच्या अर्जात तीन रकाने वाढवले आहेत : माहेरचे पूर्ण नाव, शाळेतील शेवटची इयत्ता, आणि आपल्या संघातील आठवतील तेवढ्या इतर खेळाडूंची नावे. तिसरा रकाना सर्वांत उपयोगी पडेल असा माझा अंदाज आहे, कारण लोक स्वतःविषयी लिहायला संकोचतात आणि जोडीदाराविषयी भरभरून लिहितात. शाळेच्या सध्याच्या क्रीडाशिक्षिकांनी यंदापासून प्रत्येक सामन्याच्या गुणतक्त्याची छायाप्रत एका वेगळ्या नोंदवहीत चिकटवायला सुरुवात केली आहे, आणि त्या नोंदवहीला डेडस्टॉकमध्ये क्रमांकही घेतला आहे, म्हणजे ती रद्दीत द्यायची तर कोणाला तरी सही करावी लागेल.

दुसऱ्या यादीचे काम शाळेच्या कार्यालयात शनिवारी दुपारी चालते. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. समोरच छायाप्रत काढून परत देतो. ज्यांना येणे जमत नाही त्यांच्याकडे मी किंवा समितीतील दुसरे कोणी जातो, आणि कागद नसला तरी जावे, कारण पावतीवरची सही दाखवली की बोलणे आपोआप सुरू होते.